पासाचे रसग्रहण

मराठी समीक्षेने आजवर कुणाला म्हणून सोडलेलं नाही. कवितेवर लिहून झालं, कादंबरीवर लिहून झालं, कविता न कळल्याबद्दल लिहून झालं आणि ते लिहिलेलं न कळल्याबद्दलही लिहून झालं. पण ज्या एका मजकुराशिवाय हजारो सुशिक्षित माणसं सकाळी घराबाहेर पाऊल टाकत नाहीत, जो मजकूर हृदयाशी, म्हणजे शर्टाच्या वरच्या खिशात, बाळगला जातो आणि ज्याची शेवटची ओळ नीट वाचली नाही तर वाचकाला रोख दंड भरावा लागतो, त्या रेल्वेच्या मासिक पासाचं रसग्रहण काही आमच्या पाहण्यात आलेलं नाही. एखाद्या खंडकाव्याचा शेवट आपण वाचला नाही म्हणून काळा कोट घातलेला माणूस येऊन आपल्याला पुढच्या स्टेशनावर उतरवत नाही. हा मान फक्त पासाचा.

ही उणीव भरून काढण्याचं काम आम्ही अंगावर घेत आहोत. 'तुमचा अधिकार काय?' असं कुणी विचारील. समीक्षकाने कलाकृतीपासून अंतर राखावं, असं शास्त्र सांगतं. त्या दृष्टीने आमच्याइतका लायक समीक्षक सापडणं कठीण. कारण आम्ही वाडीला राहतो आणि वाडीला प्रवाशांसाठी रेल्वे स्टेशनच नाही. नागपूरचं स्टेशन आमच्या दारापासून दहाएक किलोमीटरवर. एवढं कडक अंतर राखून समीक्षा करणारा माणूस विद्यापीठातदेखील मिळायचा नाही.

तसं पाहिलं तर रेल्वेच्या दफ्तरी 'वाडी' आहे. चांगलं जंक्शन आहे. मुंबईहून चेन्नईकडे जाणाऱ्या गाड्या तिथून जातात, हैदराबादची वाट तिथे फुटते. पण ती वाडी कर्नाटकात, कलबुर्गी जिल्ह्यात. आमची वाडी अमरावती रोडवरची. ट्रक, गोदामं आणि संरक्षण खात्याची वस्ती यांच्यामध्ये उरलेल्या जागेत आम्ही माणसं राहतो. बाहेरगावचा पाहुणा फोनवर 'तिकीट वाडीचंच काढतो' म्हणाला की आमच्या घरातून ओरड होते, "भावजी, नागपूरलेच उतरा बापा! त्या वाडीले उतरले तं कानडीत पत्ता इचारा लागन."

आता मूळ कृतीकडे वळू.

पासाची भाषा पाहा. कुठून, कुठे, कोणत्या मार्गाने, कोणत्या वर्गाने, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत. एक विशेषण नाही, एक उपमा नाही, क्रियापददेखील नाही. अल्पाक्षरत्व म्हणतात ते हेच. पूर्वी ही कृती पिवळट कागदावर आणि ओळखपत्राच्या फोटोसह प्रसिद्ध व्हायची. त्या फोटोतला माणूस पासधारकाचा धाकटा भाऊ वाटायचा. आता ती मोबाइलवरही निघते. आशय मात्र तोच : या दोन गावांच्या मध्ये, या मुदतीत, हवं तितक्या वेळा जा आणि हवं तितक्या वेळा या.

'हवं तितक्या वेळा' हे शब्द वाचून नवखा वाचक हरखून जातो. पण थोडा विचार करा. जगाच्या इतिहासात एका दिवशी तीनदा वर्ध्याला जावं असं कुणाला वाटलं आहे काय? जो माणूस पास काढतो त्याला वर्ध्याला एकदाही जायचं नसतं. नोकरी तिथे आहे म्हणून तो जातो. त्याला हवं तितक्या वेळा जाण्याची मुभा देणं म्हणजे पथ्यावर असलेल्या माणसाला कारल्याचा रस हवा तितका प्यायची परवानगी देण्यासारखं आहे. स्वातंत्र्य द्यावं, पण असं की घेणाऱ्याला ते वापरण्याची इच्छाच होऊ नये, हा आमच्या पासाचा पहिला कलागुण.

दुसरा गुण आकृतिबंधाचा. या कृतीला लांबीची मर्यादा आहे : १५० किलोमीटर. नागपूरहून वर्धा ऐंशीच्या आतच, गोंदिया १३०. दोन्ही पासात बसतात. पण अमरावतीकरांचं बडनेरा १७४ किलोमीटरवर. म्हणजे नागपूर–गोंदिया हे खंडकाव्य झालं आणि नागपूर–बडनेरा हे महाकाव्य. महाकाव्याला पास नाही. त्याला रोज तिकीट काढा, नाही तर तिथेच बिऱ्हाड करा.

तिसरा गुण गणिताचा. तीन महिन्यांचा पास घेतला तर महिन्याच्या पासाच्या २.७ पट पैसे पडतात. सहा महिन्यांचा ५.४ पट, वर्षाचा १०.८ पट. तिमाहीत नऊ दिवस फुकट! ही नऊ दिवसांची लूट करायची म्हणून आमच्या आळीतल्या एका गुरुजींनी दर तिमाहीचा पास काढायचा नेम ठेवला होता. त्यांना आम्ही एकदा विचारलं, "गुरुजी, या तीन महिन्यांत दिवाळीच्या सुट्या किती?" गुरुजींनी आमच्याकडे असं पाहिलं की पुढे सहा महिने आम्ही त्यांना सुट्यांचं काही विचारलं नाही.

आमच्याकडे या मंडळींना 'अप-डाऊनवाले' म्हणतात. मास्तर, बँकेतले, तहसिलीतले, दवाखान्यातले. सरकारी नियम म्हणतो की कर्मचाऱ्याने मुख्यालयी राहावं आणि मग घरभाडे भत्ता घ्यावा. त्यामुळे अप-डाऊनवाला हा कागदोपत्री गावात राहतो, रात्री नागपुरात झोपतो आणि खरं आयुष्य गाडीत काढतो. पत्त्यांचा डाव तिथे, मुलीच्या स्थळाची चौकशी तिथे, मेथी निवडणं तिथे, बदलीच्या बातम्या तिथे. त्याच्या आयुष्यातला एकच कागद खरं बोलतो, तो म्हणजे पास. बाकीचे सगळे कागद मुख्यालयी राहतात.

आता तौलनिक समीक्षा. तिच्यावाचून लेखाला वजन येत नाही.

आपल्या एस. टी. महामंडळाने १९८८ साली 'आवडेल तेथे प्रवास' नावाची योजना काढली. हे शीर्षक ज्याला सुचलं त्याला आमचा दंडवत. 'मासिक पास' हे नाव ऐकून औषधाच्या दुकानाची आठवण होते, पण 'आवडेल तेथे'! यात कवी आहे. चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा पास घ्या आणि राज्यभर कुठेही फिरा. रेल्वेच्या पासात फेऱ्या अमर्याद आणि जागा दोनच. इथे जागा अमर्याद आणि दिवस मोजके. दोन्हीकडे एक दार उघडं आणि एक बंद.

पण अमर्याद वस्तू मध्यमवर्गीयाच्या हाती पडली की तिचं काय होतं ते पाहण्यासारखं आहे. आमच्या शेजारच्या भाऊंनी सहकुटुंब सात दिवसांचा पास काढला आणि निघण्यापूर्वीच वहीत दर किलोमीटरचा हिशेब मांडला. जितकं जास्त फिरू तितका किलोमीटर स्वस्त! त्यामुळे औरंगाबादला उतरल्यावर, म्हणजे आता छत्रपती संभाजीनगरला, वहिनींनी वेरूळ पाहू म्हटलं तर भाऊ म्हणाले, "लेणी कुठं पळून चालली? आधी नाशिकची गाडी पकडू, पैसे वसूल झाले पाह्यजे." सात दिवसांत या कुटुंबाने अर्धा महाराष्ट्र खिडकीतून पाहिला आणि उरलेला झोपेत. परत आल्यावर वहिनींना विचारलं, काय काय पाहिलं? त्या म्हणाल्या, "स्टँड." पैसे मात्र पूर्ण वसूल झाले. दोष योजनेचा नाही. जेवणाच्या पंगतीत 'पाहिजे तेवढं घ्या' म्हटल्यावर पोटाकडे न पाहता पातेल्याकडे पाहणारी आपली जात आहे.

परदेशी वाङ्मयाचाही परामर्श घेऊ. आमचा एक भाचा जर्मनीत आहे. तिकडे २०२२ च्या जून, जुलै आणि ऑगस्ट या तीन महिन्यांत सरकारने महिन्याला नऊ युरोंत देशभर फिरायचा पास काढला होता. असे पाच कोटी वीस लाख पास खपले. मग १ मे २०२३ पासून ४९ युरोंचा कायमचा पास आला. तो २०२५ मध्ये ५८ युरोंचा झाला आणि २०२६ मध्ये ६३ चा. म्हणजे भाववाढीच्या बाबतीत जर्मन माणूस अगदी आपल्यातला वाटतो. भाचा असंही सांगतो की तिकडच्या गाड्या हल्ली सर्रास उशिरा येतात. हे ऐकून आम्हांला उगाचच बरं वाटलं.

या पासाची अट अशी की तो फक्त लहान पल्ल्याच्या, गावोगाव थांबत जाणाऱ्या गाड्यांना चालतो. भरधाव गाड्यांना नाही. जपानात १९८२ पासून असाच एक पास आहे. तो शाळकरी सुट्यांच्या दिवसांत निघतो, नावात 'अठरा' आहे, पण आजोबांनी घेतला तरी चालतो. तोही साध्या, थांबत जाणाऱ्या गाड्यांचाच. आपल्याकडेही देशभर फिरायचा एक 'इंडरेल' पास होता, तो परदेशी पाहुण्यांसाठी आणि परदेशस्थ भारतीयांसाठी. तो २०१७ मध्ये बंद झाला. म्हणजे आपल्याच देशात हवं तिथे फिरायला आधी देश सोडावा लागत असे.

या सगळ्यांतून एक सिद्धान्त निघतो : अमर्याद पास आणि सावकाश गाडी यांचं लग्न देवाने स्वर्गात ठरवलेलं आहे. ज्याला कुठेही जायची मुभा आहे त्याला घाई असण्याचं कारण नाही. पासाची खरी जमीन म्हणजे पॅसेंजर गाडी.

आणि इथे आमच्या पासाच्या समीक्षेला गंभीर वळण लागतं. नागपूर–वर्धा मार्गावर अजनी, खापरी, गुमगाव, बुटीबोरी, बोरखेडी, सिंदी, तुळजापूर, सेलू रोड अशी नावं आहेत. ही पासाच्या काव्यातली यमकं. गाडी प्रत्येक ठिकाणी थांबली तरच ओळ जुळते. मार्च २०२० मध्ये साथीने गाड्या थांबल्या. पुढे त्या 'स्पेशल' नावाने परत आल्या, पण पॅसेंजरीला भाडं एक्स्प्रेसचं लागू लागलं. दहा रुपयांचं किमान तिकीट तीस झालं, ते पुन्हा दहावर यायला फेब्रुवारी २०२४ उजाडलं. मधल्या काळात पासाची सोय तर कित्येक महिने बंदच होती. देशभरात नवं वेळापत्रक करताना लहान स्टेशनांवरचे कितीतरी थांबेही गळाले. म्हणजे पासाच्या मजकुरात एका अक्षराचा फरक नाही, किमतीत वाढ नाही, फक्त मधली यमकं खोडलेली. पासाची किंमत न वाढवता पास महाग करायची ही कला थोर खरी. थांबा गेलेल्या गावाचा माणूस स्टेशनावर उभा राहतो, त्याच्यासमोरून गाडी धडधडत जाते आणि खिशातला पास त्याला सांगत असतो : हवं तितक्या वेळा!

साध्या गाड्या कमी झाल्या की पासवाला लांबच्या एक्स्प्रेसमध्ये शिरतो. सुपरफास्ट असेल तर त्याला जादा आकार भरावा लागतो, आणि आरक्षित डब्यात तर पास चालतच नाही. साध्या डब्यात पाय ठेवायला जागा नसते म्हणून तो आरक्षित डब्यात चढतो, झोपलेल्या माणसाच्या पायाशी, बाकाच्या काठावर चार बोटं जागा करून बसतो आणि खिडकीबाहेर असं पाहतो की जणू त्याचा त्या डब्याशी संबंध नाही. मग काळा कोट येतो.

"कुठं जाऊन राहिले भाऊ?"

"वर्ध्याले."

"हा डबा रिझर्वेशनचा होय."

"माह्यापाशी पास आहे न साहेब."

"पास आहे, पण डबा नाही तुमचा."

"साहेब, मले तं डबाच नाही. पासच आहे फक्त."

आम्ही समीक्षक आहोत, वकील नाही, त्यामुळे दोन्ही बाजू पाहायला हव्यात. हावड्याहून बसलेल्या माणसाने झोपायचे पैसे मोजलेले असतात. त्याच्या पायावर नागपूरचा अख्खा स्टाफ बसावा, असा काही त्याचा गुन्हा नाही. तिकीट तपासनिसाचं नियमाने बरोबर आहे. आणि पासवाल्याचंही चूक म्हणवत नाही. तिघेही बरोबर असताना भांडण होतं, तेव्हा चौथा कोणीतरी गैरहजर आहे असं समजावं. इथे गैरहजर आहे ती सकाळची पॅसेंजर.

रेल्वेची बाजूही सांगितली पाहिजे. प्रवाशांच्या वाहतुकीत तिला तोटाच होतो आणि तो मालगाडीच्या कमाईतून भरून निघतो. पासवाला तर सगळ्यांत स्वस्त प्रवासी. तेव्हा त्याला ने-आण करणारी मालगाडीच म्हणायची. या ठिकाणी आमच्या वाडीचा पासाशी असलेला नाजूक संबंध उघड होतो. रेल्वेने जायचा तो माल आमच्याकडचे ट्रक रस्त्याने पळवून नेतात. म्हणजे पासाच्या नाटकात वाडीलाही भूमिका आहे, पण खलनायकाची.

'इज्जत' नावाच्या पासाचा उल्लेख केल्यावाचून हे रसग्रहण पुरं होणार नाही. २००९ मध्ये तो निघाला. ज्याची मासिक मिळकत दीड हजारांच्या आत, त्याला १०० किलोमीटरपर्यंतचा महिन्याचा पास पंचवीस रुपयांत. कल्पना उदात्त, नाव तर त्याहून उदात्त. पण दीड हजार महिना म्हणजे दिवसाचे पन्नास रुपये. एवढ्यात जो माणूस जगतो त्याने आपण खरोखर एवढ्यातच जगतो असं मोठ्यांच्या सहीचं प्रमाणपत्र आणायचं आणि खिडकीवर 'एक इज्जत द्या' म्हणायचं. गरिबीचा दाखला आधी आणि इज्जत मागाहून, हा क्रम आम्हांला पटत नाही. बाकीच्या प्रवाशांना इज्जत वेगळी काढावी लागत नाही, ती तिकिटातच धरलेली असते.

आता शेवटचा आणि आमच्या दृष्टीने मुख्य आक्षेप. भाच्याला आम्ही विचारलं होतं, "तुझा पास कोणत्या स्टेशनपासून सुरू होतो?" तो म्हणाला, "मामा, स्टेशनपासून कशाला? घराखाली बस थांबते ना, तिथूनच. बस, ट्राम, गाडी, सगळं त्यातच."

हे ऐकून आम्ही गप्प झालो. कारण आमचा पास फलाटावर जन्माला येतो आणि फलाटावरच संपतो. वाडीच्या माणसाला फलाटापर्यंत ऑटोने जायचं तर दोन-तीन फेऱ्यांतच महिन्याच्या पासाएवढे पैसे उडतात. 'आपली बस' मिळाली तर स्वस्त पडतं, पण तिचं तिकीट निराळं आणि तिची वेळ तिच्या मनात. मेट्रोचं म्हणाल तर डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर मेट्रोचा दुसरा टप्पा मंजूर झाला. त्यात कन्हान आहे, बुटीबोरी आहे, हिंगणा आहे, कापसी आहे. वाडी नाही. पहाटे साडेपाचला अमरावती रोडवर ऑटोची वाट पाहणाऱ्या बाईला पासातले वर्ध्यापर्यंतचे ऐंशी किलोमीटर जड नसतात. जड जातात ते आधीचे दहा. नोकरी सोडायची वेळ येते ती त्या दहा किलोमीटरांपायी. आमच्या ओळखीतल्या दोन मुलींचं कॉलेज असंच सुटलं. पास दोघींचा चालू होता. मुदत संपायची होती.

तेव्हा आमचं म्हणणं थोडक्यात असं. पासाची थोरवी तो किती वेळा वापरता येतो यावर मोजू नये. तो कुठे सुरू होतो आणि मध्ये कुठे थांबतो यावर मोजावी. फेऱ्या अमर्याद दिल्या आहेत, त्यातल्या थोड्या परत घ्या. आमची काही हरकत नाही, वर्ध्याला दिवसातून एकदा गेलं तरी आम्हांला पुरे. त्या बदल्यात सकाळ-संध्याकाळची सावकाश गाडी द्या, गळालेली यमकं परत बसवा आणि पासाची पहिली ओळ फलाटावरून उचलून आमच्या चौकात आणून ठेवा. बस रेल्वेची नाही आणि रेल्वे महापालिकेची नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. पण पाय दोन्हीकडे एकाच माणसाचे असतात.

पुढच्या आवृत्तीत या दुरुस्त्या झाल्या तर आम्ही नव्याने परीक्षण लिहू. तोवर परीक्षकाच्या नात्याने निकाल देणं भाग आहे. कृतीची भाषा संयत, हेतू चांगला, किंमत रास्त. सुरुवात फार उशिरा होते, मध्ये सलगपणा राहिलेला नाही आणि वाचकाला बसायला जागा नाही. शेरा : काठावर पास.